‘फ्युचर बॉय कॉनन’: जग बुडाल्यानंतरची सकाळ

जुलै २००८. अणुबॉम्बलाही मागे टाकणारी चुंबकीय अस्त्रं सुटतात, अर्धं जग क्षणात नष्ट होतं, पृथ्वीचा आस कलतो, पाचही खंड फाटून समुद्रात बुडतात. ‘मिराई शोनेन कोनान’ म्हणजेच ‘फ्युचर बॉय कॉनन’ या जपानी मालिकेत हे सगळं सुरुवातीलाच उरकून टाकलंय. मग वीस वर्षं पुढे. निळंशार पाणी आणि त्यात शार्कशी झुंजणारा एक पोरगा. त्याला किनाऱ्यावर लाना नावाची मुलगी बेशुद्ध पडलेली सापडते आणि गोष्ट सुरू होते. (गुप्तहेर कॉनन तो वेगळा, बराच नंतरचा.)

४ एप्रिल १९७८ रोजी एनएचके वाहिनीवर पहिला भाग लागला. दर मंगळवारी संध्याकाळी एक, असे ऑक्टोबरअखेरपर्यंत २६ भाग झाले. निर्मिती निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, दिग्दर्शन हायाओ मियाझाकींचं. १९६३ साली तोएई या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत चित्रकार म्हणून लागलेल्या मियाझाकींनी ‘हायडी’सारख्या मालिकांसाठी वर्षानुवर्षं दृश्यांची मांडणी केली होती. अख्ख्या मालिकेची धुरा अशी त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली.

मूळ कथा अमेरिकी लेखक अलेक्झांडर की यांच्या १९७० सालच्या कादंबरीतली. शीतयुद्धाच्या सावटाखालची, काळवंडलेली. मियाझाकींनी सांगाडा ठेवला, पण ती उदासी ठेवली नाही. याचं मूळ मला ती बनवणाऱ्या माणसांच्या बालपणात दिसतं. मियाझाकी १९४१चे, चार वर्षांचे असताना उत्सुनोमियावर बॉम्ब पडले आणि घरच्यांबरोबर त्यांना पळावं लागलं. मालिकेच्या काही भागांना हात लावणारे इसाओ ताकाहाता नऊ वर्षांचे असताना ओकायामाच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले. शहर जळून गेल्यावरही दुसऱ्या दिवशी पोरांना भूक लागते, हे या दोघांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच मालिकेतली मंडळी सतत खातात, पळतात, मासे धरतात, शेतात राबतात.

दुसरा धागा १९७३च्या तेलटंचाईचा. मालिकेतलं इंडस्ट्रिया हे शहर इंधनावाचून अडलंय. जुन्या जगाचं प्लास्टिक उकरून आणायचं आणि त्यातूनच गरजा भागवायच्या, अशी तिथली अवस्था. लानाला पळवून नेतात तेही तिच्या आजोबांना, डॉ. लाओंना, सौरऊर्जेचं रहस्य माहीत आहे म्हणून. १९७८ साली मुलांच्या मालिकेत हे होतं!

पण आजही माणसं ही मालिका पुन्हा पुन्हा बघतात त्याचं खरं कारण कॉननचं शरीर. तो विमानाच्या पंखाला पायाच्या बोटांनी धरून लटकतो. लानाला कवेत घेऊन उंच मनोऱ्यावरून थेट खाली उडी मारतो, आणि जमिनीवर आदळल्यावर तळपायापासून वर चढत गेलेली झिणझिणी आपल्याला दिसते. अशक्यच, पण पाय दुखतात म्हणून पटतं. अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक यासुओ ओत्सुका यांची ही करामत. वजन, तोल, धाप या गोष्टी त्यांनी रेषेत पकडल्या.

कॉननला आवाज दिला नोरिको ओहारा यांनी. ‘डोरेमॉन’मधला नोबिता आपल्या घराघरांत ओळखीचा आहे, त्याचा मूळ जपानी आवाजही १९७९ पासून २००५ पर्यंत त्यांचाच.

जपानबाहेर ही मालिका खोलवर रुजली ती अरब देशांत. तिथे कॉननचा अदनान झाला, लानाची लीना, आणि ‘अदनान वा लीना’ बघत एक पिढी मोठी झाली. मियाझाकींचे ‘नौसिका’ आणि ‘लापुता’ हे चित्रपट मागाहून आले. त्यांतली उडणारी यंत्रं, ढासळणारे मनोरे इथेच आधी भेटतात. मे २०२० मध्ये, करोनाने घरात कोंडलेल्या जपानला एनएचकेने हीच मालिका पुन्हा दाखवायला घेतली. २०२४ साली तोक्योत ती रंगभूमीवरही आली.

शेवटच्या भागात सगळे जण जहाजातून कॉननच्या बेटाकडे परततात. बेट दिसत नाही. जमीन वर आलेली असते. जिथे इवलासा खडक होता तिथे आता अख्खा नवा भूखंड पसरलेला असतो.