होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यात 1972 साली सुरू झालेला आणि पुढे राज्याच्या इतर जिल्ह्यांत पसरलेला, इयत्ता सहावी ते आठवीसाठीचा विज्ञान शिक्षणाचा प्रयोग. विद्यार्थ्याने विज्ञान पाठ न करता स्वतः प्रयोग करावेत, निरीक्षणे नोंदवावीत, आपसांत चर्चा करून निष्कर्ष काढावेत आणि ते परिसरातील गोष्टींना लावून पाहावेत, हा त्याचा गाभा होता. असे प्रयोग निवडक खाजगी शाळांत इतरत्रही झाले. होशंगाबादचे महत्त्व असे की हे सारे खेड्यापाड्यांतील साध्या सरकारी शाळांत, तिथल्याच शिक्षकांकडून घडले.

बनखेडी तालुक्यातील ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने 16 शाळांत कामाला सुरुवात केली. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रेण्वीय जीवशास्त्रज्ञ होते. टाटा संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ पाठांची आखणी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांत प्रत्यक्ष उतरले. 1978 मध्ये जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व शाळांत कार्यक्रम लागू झाला आणि 1982 मध्ये त्याचा पुढचा विस्तार करण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली.

‘बाल वैज्ञानिक’ हे या कार्यक्रमाचे पुस्तक. त्यात तयार व्याख्या आणि उत्तरे जवळजवळ नसत. प्रयोगाच्या सूचना आणि एकामागून एक प्रश्न असत, उत्तरे मुलांनी आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहायची. मुळे आणि पाने यांवरील पाठ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुलांच्या टोळ्या शाळेबाहेर जाऊन निरनिराळी रोपे मुळासकट उपटून आणत, मुळांवरची माती धूत आणि प्रत्येक रोपाचे मूळ व पानावरील शिरा यांची नोंद तक्त्यात करत. गवत, गहू, ज्वारी यांच्या पानांवर समांतर शिरा आणि खाली तंतुमुळांचा झुबका, तर हरभरा किंवा मोहरीच्या पानात शिरांचे जाळे आणि खाली सोटमूळ, अशा नोंदी तक्त्यात साचत गेल्या की दोन्ही गोष्टींची जोडी मुलांना आपोआप दिसू लागे. त्यानंतरचा टप्पा खरा मोलाचा होता: केवळ पान पाहून मूळ कसे असेल ते आधी सांगायचे आणि मग रोप उपटून पडताळायचे. कोनफळाच्या वेलीसारखा (पानात शिरांचे जाळे, पण सोटमूळ नाही) अपवाद निघाला, तर तो बाजूला न सारता नियम कितपत व्यापक मानायचा यावर वर्गात वाद घालता येतो. गवत-गहू म्हणजे एकदल आणि हरभरा-मोहरी म्हणजे द्विदल, अशी व्याख्या नुसती घोकलेल्या मुलाला हा वाद घालण्याची संधी सहसा मिळत नाही.

प्रत्येक शाळेला प्रयोगसाहित्याचा संच दिला जाई. त्यातील पुष्कळ वस्तू स्वस्त आणि गावातच मिळणाऱ्या असत; सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी) हे त्याचे ठळक उदाहरण. शिक्षकांना उन्हाळी सुटीत दीर्घ निवासी प्रशिक्षण मिळे. तिथे ते मुलांप्रमाणेच सगळे प्रयोग स्वतः करत. वर्षभर मासिक बैठकांत ते वर्गातल्या अडचणी मांडत आणि त्यानुसार पाठ बदलले जात. मुलांच्या मनातील प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे काल्पनिक पात्र निर्माण केले होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे पाठवली जात.

या कार्यक्रमाचा सर्वांत धाडसी भाग परीक्षेचा होता. लेखी परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही उघडून पाहण्याची मुभा होती आणि जोडीला प्रात्यक्षिक परीक्षाही असे. पुस्तक समोर असताना आठवणीची परीक्षा घेण्यात अर्थ उरत नाही, त्यामुळे प्रश्नकर्त्याला मुलांनी न पाहिलेला तक्ता, अपुरा प्रयोग किंवा चुकीचा निष्कर्ष देऊन विचार करायला लावणारे प्रश्न काढावे लागत. विचार करायला शिकवण्याच्या अनेक योजना नेमक्या इथेच अडतात: वर्गात प्रयोग होतात, पण गुण पाठांतराला मिळतात आणि शिक्षक व पालक साहजिकच गुणांच्या मागे जातात. पुस्तक, साहित्य, प्रशिक्षण, परीक्षा आणि शासकीय व्यवस्था हे सारे एकदम बदलल्याने होशंगाबादला ही अडचण बरीचशी ओलांडता आली. नववीपासून मात्र विद्यार्थी पुन्हा नेहमीच्या अभ्यासक्रमात येत, आणि पुढच्या बोर्ड परीक्षेत आपली मुले मागे पडतील ही पालकांची भीती कार्यक्रमाला कायम भोवली.

2002 मध्ये, कार्यक्रम सुमारे 15 जिल्ह्यांतील हजारभर शाळांपर्यंत पोहोचला असताना, राज्य सरकारने तो बंद केला. अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध नोंदवला, तरी निर्णय फिरला नाही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर रुजलेली पद्धत मोडणे ही भारतीय शालेय शिक्षणाची मोठी हानी होती.

महाराष्ट्राशी या कार्यक्रमाचा धागा शास्त्रज्ञांपुरता मर्यादित नाही. पुण्याच्या टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये किशोर भारतीत गेले आणि तिथे व्हॉल्व्ह ट्यूब व आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची कल्पना त्यांना सुचली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिकही निघू लागले.