सोज्ज्वळ रीजन्सी प्रणयकादंबरी

इंग्लंडमधील रीजन्सी काळात, उमराव व जमीनदार घराण्यांच्या वर्तुळात घडणारी आणि नायक-नायिकेचे लग्न ठरण्यापाशी संपणारी कादंबरी. ऐतिहासिक प्रणयकादंबरीचा हा एक उपप्रकार होय. शरीरसंबंधांचे वर्णन तीत येत नाही. जवळीक फार तर हात हातात घेण्यापर्यंत, क्वचित एका चुंबनापर्यंत जाते. तिचे सर्वांत लाडके कथास्थळ म्हणजे कंट्री हाउस पार्टी, अर्थात लंडनबाहेरच्या हवेलीत निमंत्रित पाहुण्यांनी एकत्र केलेला काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा मुक्काम. प्रस्तुत नोंदीत या हाउस पार्टीचा विचार अधिक विस्ताराने केला आहे, कारण या कादंबरीप्रकाराच्या ऐतिहासिक खरेपणाचा वाद बहुतांशी तिच्याभोवतीच फिरतो.

काटेकोर अर्थाने रीजन्सी काळ नऊ वर्षांचा. तिसऱ्या जॉर्जला मानसिक आजारामुळे राज्यकारभार झेपेनासा झाला, तेव्हा फेब्रुवारी १८११ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाकडे प्रिन्स रीजंट (राजप्रतिनिधी) म्हणून कारभाराची सूत्रे सोपविण्यात आली. २९ जानेवारी १८२० रोजी राजा वारला आणि हा प्रिन्स रीजंट चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. कला व वास्तूंचे अभ्यासक मात्र ही संज्ञा सैलपणे वापरतात आणि साधारण १७९५ ते १८३७ हा सगळा काळ तीत धरतात. कादंबरीकारांची सोय या व्यापक अर्थातच आहे. तरीही बहुतेक कथानके १८११ ते १८२० याच पट्ट्यात घडतात. त्यातही वॉटर्लूच्या लढाईनंतरची (१८ जून १८१५) दोन-चार वर्षे विशेष पसंतीची, कारण तोवर अर्ध्या पगारावर घरी परतलेले लष्करी अधिकारी नायक म्हणून आयते मिळतात.

उगम : या प्रकाराचे जनकत्व कोणाकडे द्यावे याविषयी तीन मते आढळतात. पहिले मत जेन ऑस्टिनचे (१७७५–१८१७) नाव घेते. तिच्या सहाही प्रमुख कादंबऱ्या १८११ ते १८१७ या वर्षांत प्रसिद्ध झाल्या आणि ‘एमा’ तर प्रत्यक्ष प्रिन्स रीजंटला अर्पण केलेली आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) बहिणीच्या आजारपणामुळे नायिका एलिझाबेथला नेदरफील्ड या शेजारच्या हवेलीत काही दिवस राहावे लागते, ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये (१८१४) तरुण मंडळी घरातच नाटक बसवितात आणि तालमींच्या निमित्ताने एरवी बोलता न येणारे बोलून घेतात. एका छपराखाली सापडलेली माणसे, रिकामा वेळ आणि सतत पाहणारे डोळे ही हाउस पार्टीच्या कथानकाची सामग्री येथे पूर्णपणे सिद्ध झालेली दिसते. परंतु ऑस्टिन स्वतःच्या वर्तमानकाळाविषयी लिहीत होती. घोडागाडीचा प्रकार, मेजावरचा मानक्रम, पोशाखाची कापडे यांची वर्णने ती जवळजवळ करीतच नाही, कारण तिच्या वाचकाला ती ठाऊक होती. उलट आजच्या रीजन्सी कादंबरीचा अर्धा प्राण या वर्णनांतच असतो.

दुसरे मत १८२०–४० या काळातील ‘सिल्व्हर फोर्क’ कादंबऱ्यांकडे बोट दाखविते. उच्चभ्रूंच्या जेवणावळी, नाच आणि गप्पा यांची इत्थंभूत माहिती मध्यमवर्गीय वाचकाला पुरविणाऱ्या या कादंबऱ्या मुख्यतः हेन्री कोलबर्न या प्रकाशकाने काढल्या. त्यांचे हे नाव विल्यम हॅझलिटने १८२७ मध्ये थिओडोर हुकवर केलेल्या टीकेतून रूढ झाले. उमराव मासे चांदीच्या काट्याने खातात याचेच हुकला अप्रूप, असा त्याचा रोख होता. तपशिलाची भूक हा दुवा खरा आहे. मात्र कॅथरिन गोरसारख्या लेखिकांचा सूर प्रणयापेक्षा समाजचित्रणाचा आहे आणि लग्नानंतरच्या दुःखांकडेही तो वळतो.

तिसरे आणि अधिक ग्राह्य वाटणारे मत असे, की मागे वळून पाहणारी, म्हणजे रीजन्सी हा सरून गेलेला काळ मानून तो पुन्हा उभा करणारी कादंबरी विसाव्या शतकातच आकाराला आली. येथे जेफ्री फार्नॉल (१८७८–१९५२) याचा हक्क डावलता येत नाही. त्याची ‘द ब्रॉड हायवे’ (१९१०) अत्यंत लोकप्रिय झाली. तथापि तीत साहस, रस्ते आणि मुष्टियुद्ध यांना प्राधान्य आहे. घर, नातेसंबंध आणि विनोदी संवाद हा मध्यबिंदू धरून या प्रकाराला घाट दिला तो जॉर्जेट हेयर (१९०२–७४) हिने. तिची ‘रीजन्सी बक’ १९३५ मध्ये निघाली आणि पुढे तिने या काळावर वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. पोशाख, गाड्या, भाडी यांच्या नोंदी ती वह्यांत भरून ठेवी. पात्रांच्या तोंडची बोली तिने पिअर्स इगन या रीजन्सीकालीन लेखकाच्या लेखनातून आणि फ्रान्सिस ग्रोसच्या चोरबोलीच्या कोशातून (१७८५) वेचून घेतली. आज या प्रकारातील शेकडो लेखिका जी भाषा ‘रीजन्सी’ म्हणून वापरतात ती पुष्कळदा हेयरने घडविलेली भाषा असते. तिच्या काही कादंबऱ्यांतील ज्यू सावकाराचे चित्रण पूर्वग्रहदूषित आहे, हेही नोंदविले पाहिजे.

हाउस पार्टीची ऐतिहासिकता : शुक्रवारी-शनिवारी आगगाडीने यायचे आणि सोमवारी परतायचे ही पद्धत व्हिक्टोरिया व एडवर्ड यांच्या काळातली, तेव्हा रीजन्सी कादंबरीतील हाउस पार्टी हा कालविपर्यास होय, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये आणि लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे १८३८ मध्ये सुरू झाली. त्याआधी शंभर मैलांवरच्या हवेलीला दोन दिवसांसाठी जाणे परवडणारे नव्हते. पण म्हणूनच पाहुणे आले की आठवडे-आठवडे राहत. मार्क जिरुआर्ड याने इंग्रजी कंट्री हाउसवरील आपल्या १९७८ च्या ग्रंथात असे मांडले आहे, की टोल घेऊन राखलेले पक्के रस्ते आणि स्प्रिंगच्या हलक्या गाड्या यांमुळे अठराव्या शतकाच्या अखेरीसच असा पाहुणचार वाढला, आणि हवेल्यांचा आराखडाही त्यानुसार बदलला. हे मत येथे स्वीकारले आहे.

या बदलाचा सर्वांत बोलका पुरावा उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) याने १८१६ मध्ये छापलेली चित्रांची जोडी होय. एका चित्रात जुन्या धाटणीचा दिवाणखाना आहे: देवदारी लाकडाने मढविलेल्या भिंती आणि रिंगण करून ताठ बसलेली मंडळी, ज्यांत एका वेळी एकच संभाषण चालू शकते. दुसऱ्या चित्रातील नव्या खोलीत खुर्च्या-टेबले विखुरलेली आहेत. कोणी वाचते आहे, कोणी वाद्यापाशी आहे, आणि पलीकडे काचघराचे दार उघडे आहे. प्रणयकादंबरीला हीच दुसरी खोली लागते. सगळ्यांच्या देखत, पण कोणाच्याही कानावर न पडता दोघांना बोलता येईल अशी सोय पहिल्या खोलीत नव्हतीच. त्याच सुमारास तारेने ओढायच्या घंटा सर्वत्र आल्या. नोकराने दाराशी उभे राहायची गरज संपली आणि यजमानांच्या खोल्यांना पूर्वी नसलेला एकांत मिळाला. अर्गांड या प्रखर तेलदिव्यांच्या उजेडामुळे संध्याकाळचे वाचन, पत्ते आणि शिवणकाम एकाच खोलीत चालू शकले.

दिनक्रमात मात्र कादंबऱ्या हमखास चुकतात. न्याहारी सकाळी दहाच्या आसपास असे आणि मुख्य जेवण संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान. मधल्या वेळी थंड मांस, ब्रेड, फळे यांवर भागविले जाई. चार-पाच वाजताचा साग्रसंगीत चहा हा रीजन्सीचा भाग नव्हे. ती प्रथा १८४०च्या दशकातली मानली जाते आणि परंपरा तिचे श्रेय बेडफर्डच्या डचेसला देते. रीजन्सी काळात चहा यायचा तो या मुख्य जेवणानंतर, पुरुष मंडळी मद्याचे पेले संपवून स्त्रियांमध्ये येऊन बसत तेव्हा. शेजारपाजारच्यांना बोलावून करायचा नाच शक्यतो पौर्णिमेच्या आगेमागे ठेवीत, कारण परतीच्या गाड्यांना चांदण्याचाच आधार असे. ऋतूचे गणित शिकारीवर बसविलेले होते: पक्ष्यांपैकी ग्राउस १२ ऑगस्टपासून, तित्तिर १ सप्टेंबरपासून, फेझंट ऑक्टोबरपासून, त्यानंतर कोल्ह्याची शिकार. जून महिन्यात, लंडनमधील नाच-मेजवान्यांचा हंगाम ऐन भरात असताना, सारे उमराव खेडेगावी जमलेले दाखविणे त्यामुळे पटत नाही. १८१६ च्या उन्हाळ्यातली सहलभोजनेही तशीच. त्या वर्षी तंबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे (एप्रिल १८१५) यूरोपभर थंडी-पावसाने पिके बुडाली होती.

विवाहाचे नियम व कथानक : अविवाहित स्त्री-पुरुषांना एकांतात भेटण्याची मुभा नव्हती. एका संध्याकाळी एकाच जोडीदाराबरोबर दोनपेक्षा अधिक नाच केले की चर्चा होई. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात कमरेभोवती येत असल्याने जुलै १८१६ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने त्यावर कडक शब्दांत टीका केली होती. पत्रव्यवहार तर वाङ्‌निश्चय झालेल्यांनीच करावा असा संकेत होता. येथे टपालाची व्यवस्था कथानकाच्या कामी येते. पत्राचे पैसे ते घेणाऱ्याला द्यावे लागत, आणि ते अंतर व कागदांची संख्या यांवर ठरत. म्हणून लोक एकाच कागदावर आधी आडवे आणि मग तो फिरवून त्यावरच उभे लिहीत. पार्लमेंटच्या सभासदाने स्वतःच्या हाताने पत्ता व तारीख लिहून सही केलेले पत्र मात्र फुकट जाई. हवेलीत असा सभासद मुक्कामाला असला की सगळे पाहुणे आपली पत्रे घेऊन त्याच्याकडे जात. साहजिकच कोण कोणाला लिहिते हे त्याला कळे. ही सोय १८४० मध्ये पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत देशभर पत्र पाठविण्याची पद्धत, येताना बंद झाली. जाणती लेखिका एवढ्या एका रिवाजातून अख्खे प्रकरण उभे करू शकते.

१७५३ च्या विवाह कायद्यामुळे चर्चमध्ये तीन रविवारी लग्नाची घोषणा करणे किंवा परवाना काढणे आवश्यक झाले. परवान्याने लग्न करणाऱ्या २१ वर्षांखालील व्यक्तीला पालकांची संमती लागे. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडील ग्रेटना ग्रीन गाठत. कोठेही व केव्हाही लग्न लावू देणारा विशेष परवाना कँटरबरीच्या आर्चबिशपकडूनच मिळे. कादंबऱ्यांत तो खिशातून निघावा इतक्या सहज मिळतो. दोघे एकटे सापडले की लग्न करावेच लागे, हा समजही कायद्यावर आधारलेला नाही. दबाव होता तो बदनामीचा, आणि तो बव्हंशी स्त्रीवर. लग्नानंतर पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई. म्हणून बापाचा वकील लग्नाआधी जो करारनामा करी, त्यावर तिचे पुढचे आयुष्य अवलंबून असे. हा करारनामा या कादंबऱ्यांत जवळजवळ दिसत नाही आणि ही उणीव मोठी आहे. प्रेमाने निवड करण्याचे मोल त्या व्यवहाराच्या शेजारी ठेवल्यावरच नीट कळते.

सोज्ज्वळ शाखा वेगळी ओळखण्याची गरज १९७० नंतर पडली. हेयरच्या काळात संयम गृहीतच होता. कॅथलीन वुडिविसच्या १९७२ मधील कादंबरीपासून अमेरिकी बाजारात शृंगारवर्णने असलेली ऐतिहासिक कादंबरी रुळली, आणि तिच्याहून भिन्न, आटोपशीर, संवादप्रधान पुस्तकांना ‘पारंपरिक रीजन्सी’ म्हटले जाऊ लागले. सिग्नेट व झेब्रा या प्रकाशनांनी त्यांच्या माला दीर्घकाळ चालविल्या. २००५-०६ च्या सुमारास त्या बंद पडल्या. पुढे ही परंपरा मुख्यतः अमेरिकेतील युटा राज्यातल्या प्रकाशकांनी सांभाळली. सॉल्ट लेक सिटीच्या शॅडो माउंटनने २०१२ च्या सुमारास ‘प्रॉपर रोमान्स’ ही माला सुरू केली. तेथील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वाचकवर्गाच्या धर्मनिष्ठ अभिरुचीचा त्यात वाटा आहे. बीबीसीची १९९५ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर आधारलेली मालिका आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेली नेटफ्लिक्सची ‘ब्रिजर्टन’ यांमुळे सर्वच रीजन्सी साहित्याचा वाचक वाढला. त्यांपैकी दुसरी सोज्ज्वळ नाही.

या कादंबऱ्यांत ड्यूक फार आहेत. प्रत्यक्षात राजघराण्याबाहेरचे ड्यूक तीसच्या आसपास होते आणि त्यांतले लग्नाचे तरुण मोजकेच. याहून गंभीर आक्षेप हवेलीच्या पैशाविषयी आहे. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, पण कॅरिबियन मळ्यांवरील गुलामगिरी १८३० च्या दशकापर्यंत चालू होती. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या २०२० च्या अहवालात त्या संस्थेच्या ताब्यातील ९३ वास्तूंचा वसाहतवाद किंवा गुलामगिरीशी संबंध नोंदविला आहे. ग्लॉस्टरशरमधील सेझिनकोट ही मोगल घाटाची, घुमटाची हवेली ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत धनाढ्य झालेल्या चार्ल्स कॉकरेलने उभारली. ती पाहून प्रिन्स रीजंटला ब्राइटनच्या राजवाड्यासाठी भारतीय धाटणी सुचली असे मानतात.

महाराष्ट्राशी संबंध येतो तोही याच वाटेने. या कादंबऱ्यांतील सैनिक ज्याला दैवत मानतात त्या वॉटर्लूच्या विजेत्या वेलिंग्टनने, तेव्हाच्या आर्थर वेलस्लीने, आजच्या जालना जिल्ह्यातील असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. या लढाईत त्याची फार मोठी हानी झाली आणि आपली सर्वोत्तम लढाई म्हणून पुढे तो असईचेच नाव घेई, असे सांगतात. पेशवाईची अखेर (१८१८) ऐन रीजन्सी काळात झाली. भारतातून परतलेला श्रीमंत काका किंवा कप्तान हे या कादंबऱ्यांतील नेहमीचे पात्र. त्याचा पैसा नायिकेचा हुंडा होतो, आणि तो कोठून आला याची विचारपूस हवेलीतल्या जेवणाच्या मेजावर क्वचितच होते. अलीकडच्या काही लेखिका, विशेषतः भारतीय व कॅरिबियन वंशाच्या, आता तो प्रश्न कथानकाच्या मध्यभागी आणीत आहेत.