पुढारी तुरुंगात, गाव मोकळं: चळवळीच्या जाळ्याचं विज्ञान

९ ऑगस्ट १९४२. आदल्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर 'करेंगे या मरेंगे' झालं होतं आणि मंडळी अजून झोपेतून नीट उठलीही नव्हती. पहाटे पोलीस दारात. सकाळी बोरीबंदरावरून एक खास गाडी सुटली आणि तिच्यात जवळजवळ अख्खी काँग्रेस बसलेली होती. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये नेलं. नेहरू, पटेल, आझाद आणि कार्यकारिणीचे बाकीचे सदस्य पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात.

सरकारच्या जागी आपण असतो तर आपणही कदाचित हेच केलं असतं. हुकूम वरून खाली जातात. वरचे उचलले की खालचे बसतील. हिशेब सोपा होता. पण तीन आठवडे होतात न होतात तोच व्हाइसरॉय लिनलिथगो चर्चिलना कळवत होता की १८५७नंतरचं हे सगळ्यात गंभीर बंड आहे. १९४३ संपेपर्यंत ९१ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली, आणि साताऱ्यात तर १९४६ उजाडला तरी सरकारचा हात पुरता बसला नव्हता.

समाजशास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत असा प्रयोग करता येत नाही. एका मोठ्या देशाच्या एका मोठ्या चळवळीचे सगळे नेते एकाच पहाटे काढून घ्यायचे आणि काय होतं ते बघायचं, ही परवानगी कोण देणार? इंग्रज सरकारने तो प्रयोग आयता करून ठेवला. म्हणून मला बेचाळीस हा इतिहासाइतकाच विज्ञानाचाही विषय वाटतो.

आधी सरकारची बाजू. ती मूर्खपणाची नव्हती, हे २००० साली पुन्हा सिद्ध झालं. रेका अल्बर्ट, हावुंग जाँग आणि आल्बर्ट-लास्लो बाराबाशी या तिघांनी 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध लिहिला. इंटरनेटसारख्या जाळ्यात बहुतेक गाठींना दोन-चार धागे असतात आणि मोजक्याच गाठींना शेकडो. अशा जाळ्यातल्या गाठी डोळे मिटून कुठल्याही काढत गेलात तर जाळ्याला फारसं काही होत नाही. नेमक्या त्या मोजक्या, धाग्यांनी लगडलेल्या गाठी काढल्या तर मात्र त्याचे झपाट्याने तुकडे पडतात. एसटीचा एखादा विनंती थांबा बंद झाला तर तुमचं काही अडत नाही. स्वारगेट बंद पडलं तर काय होईल, हे पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. ९ ऑगस्टला सरकारने काँग्रेसची सगळी स्वारगेटं बंद केली.

याच काळातलं काँग्रेस रेडिओचं उदाहरण या सिद्धांतात अगदी चपखल बसतं. उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईतून २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर छुपं प्रक्षेपण करत होते. जागा सारख्या बदलत, पोलीस मागावर. पण धाडस कितीही असलं तरी यंत्रं आणि ती चालवायचं ज्ञान असलेली माणसं मोजकीच. १२ नोव्हेंबरला एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवलं आणि आवाज बंद पडला.

मग सातारा का बंद पडला नाही?

उत्तराचा एक तुकडा ८ ऑगस्टच्या 'छोडो भारत' ठरावातच आहे. भाषणांच्या गडगडाटात त्याचा तो भाग फारसा कुणाला आठवत नाही. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की अशी वेळ येऊ शकते, जेव्हा सूचना देणं शक्य होणार नाही किंवा त्या लोकांपर्यंत पोचणार नाहीत आणि काँग्रेसच्या समित्या काम करू शकणार नाहीत. तशा वेळी सर्वसाधारण सूचनांच्या चौकटीत राहून प्रत्येकाने स्वतःच स्वतःचा मार्गदर्शक व्हावं. नेत्यांनी आपल्या गैरहजेरीची तरतूद आपल्याच हाताने लिहून ठेवली होती.

पण नुसत्या ठरावाने कुणी घराबाहेर पडत नाही. मोर्चाला जायचं की नाही हे माणूस बहुधा एकच गोष्ट बघून ठरवतो: अजून कोण कोण निघालंय? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली याचं एक सुंदर गणित मांडलं. मूळ उदाहरण दंगलीचं आहे, आपण मोर्चाचं घेऊ. चौकात शंभर माणसं आहेत. पहिला गडी कुणी आलं नाही तरी एकटा निघणारा. दुसऱ्याला पुढे एक तरी माणूस हवा, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन, असं करत शेवटच्याला नव्याण्णव. पहिला निघाला की दुसरा निघतो, मग तिसरा, आणि शंभरच्या शंभर रस्त्यावर. आता यातला फक्त एक माणूस बदला. ज्याला पुढे एक जण पुरत होता, त्याला आता दोन लागतात. पहिला निघतो, मागे वळून बघतो, मागे कुणी नाही. मोर्चा एकाचा! शंभर माणसांची मतं सरासरीने तीच, फरक एका माणसाच्या उंबरठ्याचा, म्हणजे निघायला त्याला पुढे किती जण हवेत त्या आकड्याचा, आणि निकाल शंभरावरून एकावर.

हे वाचल्यावर नेतृत्वाकडे बघण्याची माझी तरी नजर बदलली. आपण चळवळीचं सगळं श्रेय शून्य उंबरठ्याच्या माणसाला देतो. फोटो त्याचा, पुतळा त्याचा, चौकाला नाव त्याचं. चळवळ जगते किंवा मरते ती दोन, तीन, चार उंबरठ्याच्या माणसांवर. ही माणसं ज्या गावात भरपूर असतात तिथे पहिला गडी पकडून नेला तरी दुसरा त्याच्या जागी उभा राहतो.

ही माणसं येतात कुठून? डग मॅकअ‍ॅडम यांनी १९६४च्या अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात ते शोधलं. काळ्या नागरिकांची मतदार नोंदणी करायला उत्तरेकडचे कॉलेजचे विद्यार्थी उन्हाळ्यात तिकडे निघाले होते. जिवाला धोका होता. मोहिमेच्या सुरुवातीलाच तिघांचे खून झाले. अर्ज मंजूर होऊनही काही जण ऐनवेळी गेले नाहीत. गेलेले आणि न गेलेले यांचे जुने अर्ज मॅकअ‍ॅडमनी शेजारी ठेवून वाचले. विचारांची तळमळ दोघांचीही सारखीच होती. फरक ओळखीत निघाला. ज्यांचे जिवलग मित्र जाणार होते, ते गेले.

तत्त्व कागदावर पटतं, पण गोळी चालेल तिथे माणूस मित्राबरोबर जातो.

आता साताऱ्याकडे. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. १९४२च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर असे मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार होऊन माणसं पडली. इथवरची गोष्ट देशात पुष्कळ ठिकाणी घडली, आणि बहुतेक ठिकाणी याच टप्प्यावर थंडावली. आजच्या उत्तर प्रदेशातल्या बलियात लोकांनी सरकार ताब्यात घेतलं होतं, ते काही दिवसच टिकलं. साताऱ्यात मोर्चे थांबले आणि काम सुरू झालं. भूमिगत कार्यकर्त्यांचे गट पडले: कुंडलचा, वाळव्याचा, आणखी ठिकठिकाणचे. प्रत्येक गटाची माणसं आपली, मुलूख आपला, निर्णय बरेचसे आपले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही त्यांतली ठळक नावं. क्रांतिसिंह नाना पाटील हे सगळ्यांचं नाव. एके काळचा हा तलाठी चार वर्षं सरकारला सापडला नाही. सभा गाजवायची ती नानांनी. गावचा रोजचा कारभार मात्र त्यांच्या निरोपासाठी खोळंबून राहत नव्हता. कुंडल तर औंध संस्थानात. इंग्रज हद्दीतले पोलीस मागे लागले की संस्थानची हद्द ओलांडायची, ही सोय नकाशानेच करून ठेवलेली.

एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. दोन भावांत बांधाचा तंटा. तालुक्याच्या कोर्टात गेलं तर वकील, स्टँप, तारखा, प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडणार. इथे गावचीच माणसं न्यायदान मंडळ म्हणून बसतात. बांध कुठे होता हे पंचांना ठाऊक असतं, कारण त्यांनी तो लहानपणापासून पाहिलेला असतो. खोटं बोलणाऱ्याची पंचाईत होते. निकाल लवकर लागतो आणि फुकट लागतो. दारूभट्ट्या बंद करणं, सावकाराला जरबेत ठेवणं, गुंडांचा बंदोबस्त, तुफान सेना या स्वयंसेवक दलातल्या पोरांची कवायत, हे सगळं याच प्रतिसरकारचं, म्हणजे भूमिगतांच्या समांतर सरकारचं काम. लोकांच्या तोंडी ते 'पत्री सरकार' झालं. बैलाला पत्री ठोकतात तशी खबऱ्यांच्या पायाला ठोकतात, अशी वदंता होती. प्रत्यक्षात तळपायांवर काठ्या बसत. वदंता सरकारनेही उचलली आणि चळवळीनेही खोडली नाही. दोघांच्याही उपयोगाची होती.

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी म्हातारपणी सांगितलेला एक किस्सा आहे. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्यांनी आणि एका सोबत्याने बहीण-भावाचं खोटं भांडण मांडलं. भाऊ बहिणीला मारतोय, डोक्यात दगड घालायला निघालाय! पोलीस सोडवायला बाहेर धावले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. ही युक्ती ठरवायला आगाखान पॅलेसची परवानगी कोण मागणार?

पण हे सगळं १९४२ साली शून्यातून उभं राहिलं नाही, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. सरकारने काँग्रेसचं जाळं तोडलं. त्याच्या खाली दुसरं एक जुनं जाळं होतं, ते त्याच्या नकाशावरच नव्हतं. २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. १८९०मध्ये जोतीराव गेले. अशा वेळी बहुतेक संस्था पुण्यतिथीपुरत्या उरतात. इथे तसं झालं नाही, कारण जोतीरावांनी मागे विचारांसोबत एक कृतीही ठेवली होती: भटजीशिवाय लग्न. त्याचा विधी लिहिलेला, मंगलाष्टकं लिहिलेली. ती करायला विद्वान लागत नाही, पुढारी लागत नाही; हिंमतवान वधूपिता आणि चार माणसं लागतात. एका मांडवात ज्याने हे पाहिलं तो आपल्या पोरीच्या मांडवात ते करू शकतो. पुढे सत्यशोधकी जलसे गावोगाव फिरले. १९१०पासून मुकुंदराव पाटलांचं 'दीनमित्र' हे पत्र नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघू लागलं. १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. नाना पाटील याच सत्यशोधकी मातीतून आलेले. प्रतिसरकारच्या काळात त्यांनी लावलेली कमी खर्चाची 'गांधी विवाह' ही लग्नं बघा. नाव गांधींचं, रीत थेट १८७३ची.

नेटवर्क अभ्यासक डेमन सेंटोला यांचं एक निरीक्षण इथे लागू पडतं. बातमी एका माणसाकडून ऐकली तरी पुढे जाते. धोक्याची किंवा रूढीविरुद्धची वागणूक तशी जात नाही. ती उचलायला माणसाला तीच गोष्ट करणारे ओळखीचे तीन-चार जण आजूबाजूला दिसावे लागतात. त्यामुळे दूरवर पसरलेल्या विरळ ओळखींपेक्षा भावकी, तालीम, शाळा अशा घट्ट विणीत ती लवकर रुजते. साताऱ्याची वीण अशी घट्ट होती. तालमीत ज्याच्याशी रोज कुस्ती धरली, तो रात्री दारावर थाप मारून भाकरी मागतोय. कोण नाही म्हणणार?

याची किंमतही होती, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. प्रत्येकजण स्वतःचा मार्गदर्शक झाला की लगाम कुणाच्या हातात राहतो? शिक्षा कधी अतिरेकी झाल्या. चळवळीच्या नावाखाली वैर उगवून घेणारे आणि दरोडे घालणारेही निघाले, आणि त्यांचा बंदोबस्त करण्यात गटांची बरीच शक्ती गेली. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. मे १९४४मध्ये गांधीजी सुटले आणि त्यांनी भूमिगतांना प्रकट व्हायला सांगितलं. बंगालमधल्या तामलुकचं असंच समांतर सरकार त्यांच्या शब्दाखातर विसर्जित झालं. साताऱ्याने ऐकलं नाही. ज्यांच्या नावाने लग्नं लागत होती, त्यांचाच सल्ला बाजूला ठेवून काम चालू राहिलं. नेत्यावाचून चालायला शिकलेली चळवळ नेता परत आल्यावरही आपल्याच पायांनी चालते. हे ऐकायला छान वाटतं, पण नेत्याच्या बाजूने विचार केला तर जरा अवघडच आहे.

१९४६मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली, भूमिगत उजेडात आले आणि वाटा फुटल्या. किसन वीर काँग्रेसमध्ये, जी. डी. बापू शेतकरी कामगार पक्षात. नाना पाटीलही आधी तिथेच, नंतर कम्युनिस्ट पक्षाकडून खासदार, १९५७ला साताऱ्यातून आणि १९६७ला बीडमधून. जाळं एक होतं तोवर शत्रू एक होता.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की एखाद्या माणसाच्या तेजावर उभी राहिलेली सत्ता तशीच फार दिवस राहू शकत नाही. एकतर ती विझते, नाहीतर नियम, पदं, हिशेबवह्या यांत मुरते. सातारा-सांगलीत ती कशात मुरली हे बघायला ग्रंथालयात जायची गरज नाही. उसाच्या हंगामात भुईंजला गेलात तर किसन वीर कारखाना. वाळव्याला नागनाथअण्णांचा हुतात्मा कारखाना. आणि कुंडलला, जिथे तुफान सेनेची पोरं कवायत करायची, तिथे ट्रॅक्टरच्या रांगेत उभा असलेला एखादा ड्रायव्हर वजनकाट्याची पावती घेतो. पावतीवर छापलेलं असतं: क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना.