आधी मावा, मग रस : खानदेशातल्या आंबा बर्फीची पार्श्वभूमी

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, उलटली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या अनेक घरांत एक नवा पदार्थ थाळीत थापलेला दिसतो. घरी आटवलेल्या माव्यात आमरस घालून केलेली ती बर्फी असते. तिची कृती विचारली तर कोणतीही गृहिणी एक क्रम हमखास सांगते : दूध वेगळे आटवायचे, रस वेगळा आटवायचा, आणि दोन्ही शेवटी एकत्र करायचे. हा क्रम सोयीपुरता ठरलेला नाही. दूध आणि फळ यांच्या एकत्र येण्याबद्दल आपल्याकडे शेकडो वर्षे चाललेला विचार, तापीखोऱ्यातली दुधाची जुनी चणचण आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत स्वयंपाकघरात झालेले बदल या सर्वांचा तो परिणाम आहे. आंबा या मातीत जुना आहे आणि दूधही जुनेच आहे, मात्र दोघांची घरगुती बर्फी फार तर दोन-तीन पिढ्यांची आहे, असे माझे मत आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत दूध आणि फळ यांच्या मेळाबद्दल मुळात संशयच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची चर्चा करताना दुधाबरोबर न खाण्याच्या फळांची लांबलचक यादी दिली आहे. तिच्यात आंबा, बोर, जांभूळ, कवठ, फणस, डाळिंब आणि आवळा आहेत, आणि ज्याचा अर्थ सामान्यतः केळे असा घेतला जातो ते ‘मोच’ही आहे. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात मात्र सूर बदललेला दिसतो. तेथे ‘दुग्धाम्र’, म्हणजे दूध घातलेला पिकलेला आंबा, रुचकर, बळ वाढवणारा, वर्ण उजळवणारा, पण पचायला जड आणि थंड असल्याचे सांगितले आहे. दोन्ही ग्रंथ एकमेकांविरुद्ध बोलतात असे मला वाटत नाही. चरकांच्या त्या यादीचा शेवटच ‘सर्व आंबट द्रव्ये’ या शब्दांनी होतो, तर भावप्रकाशात स्तुती आहे ती पिकून गोड झालेल्या फळाची. आंबट आणि गोड हा भेदच पुढे हलवायाच्या कढईत निर्णायक ठरला.

त्यामागचे कारण आज सहज सांगता येते. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण 6.6 ते 6.7 असतो. तो 4.6 च्या आसपास उतरला की दुधातले केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून गोळा होते आणि पाणी वेगळे पडते. दूध तापलेले असेल तर त्याहून पुष्कळ कमी आंबटपणाही पुरतो. पिकलेल्या आंब्याच्या रसाचा पीएच चारच्या आगेमागे असतो आणि गावठी, रायवळ आंब्यात तर आंबटपणा आणखी जास्त. म्हणून उकळत्या दुधात रस ओतला की ते फाटते. पहिल्यांदा ही बर्फी करताना मी नेमके हेच केले होते. एक लिटर दूध निम्मे आटले होते, त्यात वाटीभर रस ओतला आणि पाचेक मिनिटांत कढईत पिवळसर चोथा आणि त्याभोवती हिरवट पाणी दिसू लागले. शेजारच्या आजींनी ते पाहून एवढेच सांगितले, ‘माय, पहिले मावा होऊ दे, मंग रस टाक.’ हा लेख लिहावासा वाटला तो त्या एका वाक्यामुळे.

जुन्या पाकपरंपरेने यावर दोन वाटा काढल्या होत्या. पहिली वाट अशी की फळ शिजवायचेच नाही. खायच्या वेळी गार दुधात केळे कुस्करायचे, साखर घालायची आणि लगेच वाढायचे. ही आपली शिकरण. तिचे नाव संस्कृत ‘शिखरिणी’शी जोडले जाते. शिखरिणी हा मूळचा दही, साखर आणि सुगंधी मसाल्यांचा पदार्थ. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या मानसोल्लासात शिखरिणीचे वर्णन आहे, आणि दूध नासवून केलेल्या गोड पदार्थाचेही आहे. दुसरी वाट दुधातले पाणीच काढून टाकण्याची. दूध आटवत नेऊन त्याचा घट्ट गोळा झाला की आंबटपणाला फाडण्यासारखे पातळ दूध उरतच नाही. हा गोळा म्हणजे खवा किंवा, खानदेशात अधिक ऐकू येणाऱ्या शब्दात, मावा.

पण मावा करायला दूध भरपूर लागते, आणि खानदेशची जुनी अडचण तीच होती. म्हशीच्या एक लिटर दुधाचा मावा साधारण 210 ते 230 ग्रॅम उतरतो, गाईच्या दुधाचा 170 ते 190 ग्रॅम. तापीखोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेलेली खिल्लार जनावरे औतासाठी आणि गाडीसाठी नावाजलेली. काळ्या कपाशीच्या जमिनीत त्यांच्यासारखा बैल नाही, पण गाईचे दूध वासराला पाजून घरापुरते उरले तरी पुष्कळ. म्हशीचे दूध जास्त, मात्र ते विरजून लोणी आणि तूप करण्याकडे ओढा, कारण तूप टिकते, बाजारात विकता येते आणि सणाला घरातही उपयोगी पडते. उन्हाळ्यात तर चाऱ्याची टंचाई आणि दूध आटलेले. ज्या महिन्यांत आंबा येतो त्याच महिन्यांत दूध सर्वांत कमी, हा योग या प्रदेशाच्या गोडधोडावर खोल ठसा उमटवून गेला आहे.

म्हणूनच खानदेशचे जुने पक्वान्न धान्याचे आणि गुळाचे आहे. आखाजीला पितरांसाठी घागर भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) आणि आंबे ठेवतात, सांजोऱ्या करतात, आणि ताटात खापरावर भाजलेले मांडे किंवा पुरणपोळी व वाटीभर आमरस असतो. त्या दिवसापूर्वी आंबा न खाण्याची रीत कित्येक घरांत आजही पाळली जाते. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, सालही आखाजीलाच संपते आणि नवे ठरते, त्यामुळे घरचे आणि शेतावरचे सगळे एकाच पंगतीला रस खातात. त्या रसात काही घरांत थोडे दूध घालतात, काही घरांत नुसते तूप आणि चिमूटभर मीठ. दूध घातले तरी ते गार आणि वाढण्याच्या वेळी. शिकरणीचाच हा नियम आंब्याला लावलेला आहे.

माव्याची मिठाई या भागात आली ती शहरांतून, आणि त्यातले सर्वांत मोठे शहर बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असल्याने आपल्या बोलण्यातून बाजूला पडते, पण फारुकी राजवटीत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून ते 1601 मध्ये असिरगड अकबराच्या हाती पडेपर्यंत, खानदेशची राजधानी तेच होते. पुढे मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे ते प्रमुख ठाणे बनले. उत्तरेकडून आलेल्या सरदार, व्यापारी आणि फौजेबरोबर तिकडच्या खाण्याच्या सवयीही आल्या. ‘बर्फी’ हा शब्दच फारसी ‘बर्फ’पासून आलेला. मूळची बर्फी पांढरी, हिमासारखी, तिच्यात फळ नव्हते. बऱ्हाणपूरची मावा जिलबी आजही रावेर-सावद्याकडचे लोक मुद्दाम आणतात आणि त्या शहराचा माव्याशी असलेला संबंध तिच्यात टिकून राहिलेला आहे. त्याच शहराच्या आंब्यांवरून बाप-लेकांत कुरबुर झाल्याचे मोगल पत्रव्यवहारात नोंदलेले आहे : दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीच्या काळात औरंगजेबाने बादशहाच्या आवडत्या झाडाचे आंबे नीट पाठवले नाहीत, अशी शाहजहानची तक्रार होती. मावा आणि आंबा हे दोन्ही एकाच शहरात नावाजलेले असूनही त्यांची बर्फी झाली नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आंबा तेव्हा आंबा म्हणूनच खायचा होता.

फळांच्या बाबतीत खानदेशचे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बदलत गेले. 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली, आणि 1870 मध्ये भुसावळमार्गे मुंबई आणि उत्तर हिंदुस्थान लोहमार्गाने जोडले गेले. पुढच्या काळात रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांवरून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे भरू लागल्या. आधी बसराई, मग 1990 च्या दशकात ऊतिसंवर्धित रोपांमुळे पसरलेली ग्रँड नैन, अशा वाणांनी यावल, रावेर, चोपडा हा पट्टा केळीचा झाला. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु केळे माव्यात घालणे आंब्याहून वेगळ्या कारणाने अवघड आहे. त्याचा आंबटपणा कमी असल्याने दूध लगेच फाटत नाही, पण चिरलेला गर हवेत काळा पडतो. त्यामुळे केळीची बर्फी करणाऱ्या घरांत आधी गर तुपावर चांगला परततात. तुपावर तो तांबूस आणि खमंग झाला की काळेपणाचा प्रश्न राहत नाही, मग त्यात मावा मिसळतात.

आंब्यात महत्त्वाचा बदल केसरमुळे झाला. गिरनारच्या पायथ्याशी वाढलेल्या या आंब्याला 1934 मध्ये जुनागढच्या नबाबाने रंगावरून ‘केसर’ हे नाव दिले. गुजरात लागूनच असल्याने आपल्या बाजारात तो सहज येऊ लागला. बांधावरच्या गावठी झाडाचा आंबा चोखून खायला गोड, पण दोऱ्याचा, पातळ रसाचा आणि झाडागणिक वेगळ्या चवीचा. केसरचा रस दाट, बिनदोऱ्याचा, आंबटपणा कमी आणि रंग असा की केशर घालायची गरज नाही. मिठाईला लागणारा एकसारखेपणा या फळाने दिला.

दुधाच्या बाजूने अडचण सुटली ती स्वातंत्र्यानंतर. 1955 मध्ये आणंदला म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना उभा राहिला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असे तोवर परदेशी जाणकार सांगत होते. 1970 मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली, जिल्ह्याजिल्ह्यांत दूध संघ आले आणि उन्हाळ्यातही पिशवीचे दूध मिळू लागले. त्यानंतर गॅसची शेगडी आली. चुलीवर दोन लिटर दूध तळाला न लागू देता आटवणे म्हणजे एका माणसाचा अख्खा दुपारचा वेळ आणि सरपणाचा भारा. मंद आच हाताशी आल्यावरच हे काम घरचे झाले. दूध भुकटी आणि डब्यातले घट्ट गोड दूध यांनी ते अर्ध्या तासावर आणले, आणि फ्रीजमुळे मे महिन्यात गोठवलेला रस दिवाळीपर्यंत टिकू लागला. फळांच्या बर्फीच्या कृती मासिकांत आणि डब्यावरच्या वेष्टनांवर दिसू लागल्या, त्यालाही बहुधा हीच सोय कारणीभूत होती.

अलीकडे लोक पुन्हा घरी दूध आटवू लागले आहेत त्याचे कारण भेसळ. सणाच्या तोंडावर बाजारच्या माव्यात पिष्ट (स्टार्च) मिसळलेले सापडते. चिमूटभर मावा पाण्यात उकळून गार करावा आणि त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. रंग निळा झाला तर त्यात पिष्ट आहे असे समजावे. लहान मुलांच्या घरात हे तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

या सगळ्या वाटचालीतून आजची कृती ठरली आहे. दोन लिटर म्हशीचे दूध जाड बुडाच्या कढईत सतत उलथन्याने तळ खरवडत आटवले की चारशे-साडेचारशे ग्रॅम मावा होतो. दुसऱ्या कढईत अर्धा किलो केसरचा रस निम्मा होईपर्यंत आटवतात. तो रटरटताना अंगावर उडतो, म्हणून अर्धवट झाकण ठेवतात. रस उलथन्यावरून गळायचा थांबून लोंबू लागला की त्यात दीडशे ते दोनशे ग्रॅम साखर, आणि साखर विरघळून पाक मुरला की मावा घालतात. गोळा कढई सोडू लागतो, कडेने तूप सुटते, आणि मग तो तूप लावलेल्या थाळीत थापतात. रसात थोडा आंबटपणा राहिला असेल तर या टप्प्यावर तो घातक ठरत नाही. उलट माव्याला बारीक कण येतो आणि बर्फी दाणेदार होते. हलवाई कलाकंदासाठी दुधात मुद्दाम किंचित आंबट घालतात तेही याचसाठी. जो गुण पातळ दुधाला फाडतो तोच माव्यात दाणा आणतो, आणि शेजारच्या आजींच्या त्या वाक्यात हे सगळे सामावलेले होते.

सीताफळाला मात्र हा क्रमही चालत नाही. मूळचे अमेरिका खंडातले हे झाड सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर असे रुजले की ते इथलेच वाटावे. पाला शेळ्या खात नाहीत, पाणी फारसे लागत नाही, आणि दिवाळीच्या आगेमागे पावरा आणि भिल्ल बाया टोपल्या भरून फळे बाजारात आणतात. त्याचा गर दुधाला सहज मानवतो, पण साधारण 55-60 अंशांच्या पुढे तापला की कडू होतो, मग कितीही साखर घातली तरी कडवटपणा जात नाही. म्हणून सीताफळाची बर्फी थापण्यापेक्षा रबडी करणे बरे. दूध तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवून, साखर घालून पूर्ण गार करावे, बिया काढलेला गर त्यात हाताने मोकळा करावा, आणि भांडे पुन्हा चुलीवर चढवू नये.