विंटेज मोटरसायकलींच्या इंजिनातील ऑइल अ‍ॅडिटिव्ह

जुन्या मोटरसायकलीच्या इंजिन ऑइलमध्ये वरून मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांना ऑइल अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. झीज रोखणे, घर्षण घटवणे, गाळ सोडवणे, गळती थांबवणे, तेल पिणाऱ्या इंजिनाला आवर घालणे अशी कामे त्यांच्या नावावर सांगितली जातात. त्यातली काही ती खरोखर करतात, काही फक्त बाटलीवरच्या लेबलावर होतात. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक तयार तेलात अ‍ॅडिटिव्ह मुळातच असतात, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वेगळ्या बाटलीतून ओतल्या जाणाऱ्या मालाचा. त्याचा निवाडा ब्रँडपेक्षा एका प्रश्नावर जास्त अवलंबून असतो: हे विशिष्ट इंजिन बनले तेव्हा त्यातून कोणते तेल, कोणत्या वाटेने फिरत होते?

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बहुतेक मोटरसायकलींत टोटल लॉस पद्धत होती. चालक अधूनमधून हातपंप दाबी, तेल क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) जाई आणि जळून किंवा गळून संपे. इंजिनातून एकदाच जाणाऱ्या तेलाला खराब व्हायला फारसा वेळच मिळत नसे. शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल तेल लोकप्रिय होते, कारण गरम धातूला ते चिकटून राहते. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच पडले. मात्र एरंडेल जळून चिकट लाखेसारखा थर सोडते आणि खनिज तेलात नीट मिसळत नाही, म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाताना टाकी आणि क्रँककेस धुऊन काढणे भाग असते. पुढे ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने इंजिनात आणि परत टाकीत फिरवण्याची पद्धत) आला आणि तेच तेल पुन्हापुन्हा फिरू लागले. मग ऑक्सिडीकरण, आम्ल आणि गाळ हे प्रश्न खऱ्या अर्थाने उभे राहिले, आणि आधुनिक अ‍ॅडिटिव्हची कहाणीही तिथूनच सुरू होते.

त्यातले सर्वात चर्चेचे द्रव्य म्हणजे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, थोडक्यात झेडडीडीपी. बोलताना लोक नुसते ‘झिंक’ म्हणतात, पण झीज थोपवण्याचे मुख्य काम त्यातला फॉस्फरस करतो. १९४०च्या दशकात ते वापरात आले ते बेअरिंग गंजू नयेत आणि तेल लवकर सडू नये म्हणून. झीज रोखण्याचा गुण नंतर ध्यानात आला. व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि टॅपेट एकमेकांवर दाबाखाली घासतात तिथल्या उष्णतेने आणि ताणाने हे द्रव्य फुटते आणि धातूवर काचेसारखा फॉस्फेटचा अतिशय पातळ थर बसतो. धातूऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. रोलर नसलेल्या सपाट टॅपेटच्या इंजिनात हा संपर्कबिंदू सर्वात नाजूक असतो. म्हणूनच झिंकची काळजी जुन्या गाडीवाल्यांना जास्त.

ही काळजी वाढली ती मोटारींच्या जगातून. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतात, म्हणून तेलातले त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केले गेले. २००४ मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम या तेलाच्या श्रेणीत ती मर्यादा ०.०८ टक्क्यावर आली. बातमी पसरली ती ‘नव्या तेलातून झिंक काढून टाकले’ अशा स्वरूपात, आणि झिंकच्या बाटल्यांना गिऱ्हाईक मिळाले. दोन गोष्टी मात्र सांगायच्या राहून गेल्या. एक, ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ तेलांना लागू आहे. जुन्या इंजिनात जाणारे २०डब्ल्यू-५० किंवा एसएई ५० तिच्या कक्षेत येत नाही. दुसरी, मोटरसायकलींसाठीच्या जपानी जासो मानकात फॉस्फरसची पट्टी ०.०८ ते ०.१२ टक्के अशी आहे, म्हणजे तिथे किमान मर्यादाही घातलेली आहे. जासोचा शिक्का असलेले मोटरसायकल ऑइल भरणाऱ्याला झिंकची वेगळी बाटली बहुधा लागतच नाही.

ओतलीच तर हिशेब करून ओतावी. समजा, एखादी बाटली मोटारीच्या ५ लिटर तेलात फॉस्फरस ०.०४ टक्क्याने वाढवण्यासाठी बनवलेली आहे. तीच अख्खी बाटली २ लिटर तेलाच्या मोटरसायकलीत गेली तर वाढ होते ०.१० टक्के. तेलात आधीच ०.१० असेल तर बेरीज ०.२० टक्क्यावर जाते. एवढ्या प्रमाणात हेच द्रव्य लोखंडाला रासायनिक रीतीने खाऊ लागते आणि कॅमचा पृष्ठभाग टवके उडून खराब होण्याची भीती असते. शिवाय तेलातली डिटर्जंट (कचरा तेलात धरून ठेवणारी द्रव्ये), घर्षण कमी करणारी द्रव्ये आणि झेडडीडीपी धातूवरच्या त्याच जागेसाठी भांडत असतात. कंपनीने जुळवलेला तोल घरच्या घरी ढवळला की नक्की काय उरेल, ते सांगता येत नाही. १९२०-३०च्या दशकांतली इंजिने तर झेडडीडीपीच्या आधीचीच आहेत. त्यांच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगही बहुधा सौम्य असतात, कॅमवर तेवढा दाब येत नाही.

गाळ सोडवणाऱ्या फ्लशिंग द्रव्यांबाबत जास्त सावध राहावे लागते. जुन्या इंजिनांत कागदी फिल्टर नसे, फक्त तारेची जाळी असे, आणि ती बारीक कण अडवत नसे. ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विन इंजिनांत क्रँकपिनच्या आत एक पोकळ नळी बसवलेली असते, तिला स्लज ट्रॅप म्हणतात. क्रँक फिरताना तेलातला जड कचरा केंद्रापसारक बलाने बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि तिथेच साचतो. साध्या, डिटर्जंट नसलेल्या तेलाच्या काळात ही युक्ती झकास चाले, कारण ते तेल कचरा आपल्यात धरून ठेवत नसे, खाली बसू देई. इंजिन उतरवल्यावर तोंडाचा स्क्रू-प्लग काढावा लागतो, आणि तो सुटू नये म्हणून पंचने ठोकलेला असल्याने आधी तिथला धातू ड्रिलने काढावा लागतो. आत ओल्या राखाडी मातीसारखा घट्ट लगदा निघतो. कधी कधी तेलासाठी मधून जेमतेम सुईएवढी वाट उरलेली असते. अशा इंजिनात फ्लशिंग द्रव्य किंवा एकदम तीव्र डिटर्जंट तेल गेले की साचलेला गाळ तुकड्यांनी सुटतो. एखादा तुकडा बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाच्या) छिद्रात अडकला तर बेअरिंग गेलेच. ट्रायम्फच्या प्लंजर पंपातल्या बॉल व्हॉल्व्हखाली एवढासा कण बसला तरी तेल परत खेचले जात नाही, किंवा पुढे दाबले जात नाही. आतली स्थिती माहीत नसेल तर बाटलीने धुण्याऐवजी इंजिन खोलून ट्रॅप हाताने साफ करणे हाच खरा उपाय आहे. खर्चिक आहे, हे खरे. साफ केलेल्या इंजिनात मात्र डिटर्जंट तेल बिनधास्त वापरावे, आणि शक्य असल्यास बाहेरून फिल्टर बसवावा.

क्लचचा प्रश्न इंजिनाच्या रचनेवर ठरतो. जुन्या ब्रिटिश प्री-युनिट (इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असलेल्या) गाड्यांत इंजिन, प्रायमरी चेनकेस आणि गिअरबॉक्स यांची तेले वेगवेगळी असतात, त्यामुळे इंजिनाच्या तेलात घातलेले घर्षणरोधक क्लचपर्यंत सहसा पोचत नाही. १९६९च्या होंडा सीबी७५० सारख्या गाडीत एकच तेल इंजिन, गिअर आणि ओल्या क्लचमधून फिरते. तिथे मॉलिब्डेनमचे द्रव्य पडले की वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. १९९८ मध्ये आलेल्या जासो मानकाचे कारणही हेच. त्यात एमए म्हणजे क्लच पकडून ठेवेल असे तेल, एमबी म्हणजे कमी घर्षणाचे. क्लच एकदा घसरू लागला की नुसते तेल बदलून भागेलच असे नाही, प्लेटही धुवाव्या किंवा बदलाव्या लागतात.

जुन्या इंजिनांत आणि गिअरबॉक्समध्ये पितळ व ब्राँझचे बुश बरेच असतात. तीव्र दाबासाठीच्या काही द्रव्यांतला सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. या कारणाने अशा गिअरबॉक्समध्ये जीएल-५ या जास्त तीव्र श्रेणीऐवजी जीएल-४ श्रेणीचे तेल घालण्याचा सल्ला दिला जातो. क्लोरीनयुक्त पॅराफिनवर बेतलेली द्रव्ये बाकावरच्या चाचणीत कमाल करतात, पण इंजिनाच्या उष्णतेत आणि ओलाव्यात त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटू शकते. ती इंजिनात घालण्यात काही अर्थ नाही.

घन वंगणांपैकी ग्राफाइटचा वापर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. इंजिन जोडताना कॅमवर त्याची पेस्ट लावणे चांगलेच, पण नव्या रिंग सिलिंडरमध्ये बसत असताना ते तेलात घालू नये, रिंग बसायला थोडे घर्षण लागतेच. पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, जाहिरात सर्वात मोठी झाली. हा पदार्थ धातूवर पक्का बसवायचा तर पृष्ठभाग खरवडून कोरडा करावा लागतो आणि मग ३०० अंश सेल्सिअसच्या वर भाजावा लागतो. तेलाने माखलेल्या सिलिंडरमध्ये ती परिस्थिती कुठून येणार? स्लिक ५० या टेफ्लॉनयुक्त उत्पादनाच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि १९९७ मध्ये तडजोड झाली. त्याआधी १९७८ मध्ये, तेल कमी लागते या दाव्यावरून एसटीपी या द्रव्ये विकणाऱ्या कंपनीला ५ लाख डॉलर दंड झाला होता.

तेल दाट करणाऱ्या द्रव्यांनी ठोके दबतात, धूर थोडा कमी होतो. पण झिजलेली रिंग झिजलेलीच राहते, आणि थंड इंजिनात ते दाट तेल बिग एंडपर्यंत पोचायला उशीर लागतो. गाडी विकण्याआधीचा हा जुना उद्योग आहे, खरेदीदाराने इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. गळती थांबवणारी द्रव्ये रबरी सील फुगवतात. ज्या इंजिनात रबरी सीलच नाही, फेल्ट, कॉर्क किंवा नुसते धातूला धातू आहे, तिथे ती काय फुगवणार?

वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीत झिजेपेक्षा गंजाने जास्त नुकसान होते. छोट्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही, ज्वलनातले पाणी आणि आम्ल तेलातच राहतात. अशा गाडीला झिंकपेक्षा गंजरोधक द्रव्य असलेले तेल उपयोगी पडते, आणि त्याहून उपयोगी म्हणजे गाडी उभी करण्याआधी गरम इंजिनातून जुने तेल काढून ताजे भरणे. ड्राय संपच्या गाडीत महिनोन्महिने उभी असताना टाकीतले तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते, म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी खालचा ड्रेन प्लग काढून ते मोकळे करावे.