लोकशाहीसाठी आधी साक्षरता लागते का?

‘लोक शिकल्याशिवाय लोकशाही टिकत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भारतात साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, मतदार मात्र १७ कोटींवर. वाचता न येणाऱ्यांसाठी निवडणूक चिन्हं होती, प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती. खरा कस लागला तो मतदारयादीत. अनेक बायकांनी नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच नोंदवलं. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने ते मानलं नाही. सुमारे २८ लाख नावं गळली. निर्णय कठोर होता, पण मला तो योग्यच वाटतो. मत तिचं होतं, नवऱ्याचं नव्हे. उलट १९३३ सालचा जर्मनी बघा: जवळजवळ सगळा देश साक्षर, तरी लोकशाही काही महिन्यांत कोसळली.