हैद्राबादच्या शांत जागा पाहायच्या आहेत ना? मग गाडी कुठपर्यंत येईल ते आधी वाचून घ्या

(आमच्या ट्रॅव्हल्सच्या सगळ्या ग्राहकांसाठी. बुकिंगच्या आधी घरातल्या एकाने तरी पूर्ण वाचावं ही विनंती.)

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला वेचा घरात आला की आपल्याकडे हैद्राबादच्या ट्रिपचे फोन सुरू होतात. पांढरकवड्यावरून पैनगंगेचा पूल, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, सरळ ४४ नंबरचा हायवे, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून आपल्या लोकांना पुण्या-मुंबईपेक्षा हेच जवळ पडते. बहुतेकांचं चारमिनार, गोवळकोंडा, रामोजी एकदा तरी झालेलं राहते. मग म्हणतात, "भाऊ, यावेळी गर्दीवाल्या जागा नको, रीलमध्ये ते जाळीचं काम असलेले मकबरे दिसले होते तिथे न्या." नेतो ना, आनंदाने नेतो. भांडण होते ते वेगळ्याच गोष्टीवरून.

ते म्हणजे १७ सीटर ट्रॅव्हलर पार दारापर्यंत न्या हा हट्ट. सगळ्या ट्रिपमध्ये जेवढा वेळ वाया जाते त्यातला निम्म्याच्या वर इथेच जाते, म्हणून यावर जरा जास्त लिहून राहिलो, कंटाळू नका.

साधी गोष्ट आहे. ती जागा शांत राहिली कारण तिथे मोठी गाडी जात नाही. बस दारात लागली असती तर तिथेही आतापर्यंत कणीसवाले, फोटोवाले अन् शाळेच्या सहली येऊन बसल्या असत्या. जुन्या शहरातले रस्ते मोटर यायच्या कितीतरी आधीचे आहेत, चारमिनारच १५९१ चा. अन् मोबाईलच्या नकाशाला तुमची गाडी लहान कार आहे का ट्रॅव्हलर आहे हे समजत नाही, तो आपला सगळ्यात जवळची गल्ली दाखवून देते. आपण त्या गल्लीत घुसलो की समोरून पाण्याचा टँकर, मागे ऑटोंची रांग, दोन्ही आरसे आत घेतलेले, क्लीनर मागच्या पत्र्यावर थाप मारून "येऊ दे, येऊ दे, अजून, बस्स" करून राहिला, भाजीवाली आपली टोपली उचलून बाजूला होते अन् तेलुगूत काहीतरी म्हणते (ते न समजलेलंच बरं), अन् आतून आवाज येते, "भाऊ किती वेळ अजून, पोराला शू लागली." मकबरे पाहायला पाऊण तास पुरते, गाडी वापस मेन रोडला लावायला त्यापेक्षा जास्त लागते. वरून काच फुटली, कोणाच्या ओट्याला गाडी घासली तर परराज्यात भांडण कोण निस्तरणार?

म्हणून आमचा नियम असा आहे, अन् तो बदलणार नाही. जुन्या शहराच्या दिवशी ट्रॅव्हलर हॉटेलवर उभी राहील. आपल्या बाजूने गेलं की सिकंदराबाद आधी लागते, आम्ही हॉटेल शक्यतो तिकडेच पाहतो, कारण तिथे जेबीएस परेड ग्राउंडवरून मेट्रो मिळते. ग्रीन लाईनची गाडी सरळ एमजीबीएसला, म्हणजे महात्मा गांधी बस स्टँडजवळ, आणून सोडते, तिथून चारमिनारकडे ऑटो लागलेलेच राहतात. तसंही चारमिनारच्या पायथ्याशी गाड्यांना जाऊ देत नाहीत, त्यामुळे ट्रॅव्हलर नेली तरी उतरून चालायचंच आहे.

आता यावर हमखास प्रश्न येते, "गाडीचे पैसे भरले ना आम्ही, मंग ऑटोत काहून बसाचं?" बरोबर आहे, राग येणं साहजिक आहे. काही जण तर तोंडावर म्हणतात की तुम्ही डिझेल वाचवता. वाचते, नाही म्हणत नाही. पण रात्रभर स्टेअरिंगवर बसलेल्या ड्रायव्हरला दिवसा चार-पाच तास झोप मिळाली नाही तर वापसीला निर्मलच्या घाटात त्याचा डोळा लागला म्हणजे? गाडीत तुमचीच लेकरं राहतात. अन् किलोमीटर कमी झाले की बिलात तेही कमी होतात, लॉगबुक तुम्हीच पाहून सही करता.

ज्यांना मेट्रो-ऑटो जमतच नाही, घरात म्हातारे आहेत, गुडघ्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी हैद्राबादमध्येच दिवसभरासाठी लहान गाडी लावून देतो, एर्टिगा वगैरे. तिथला ड्रायव्हर राहते, त्याला गल्ल्या पाठ राहतात. फक्त हे आठ दिवस आधी सांगा. सकाळी हॉटेलच्या दारात चहा पिता पिता सांगितलं तर जी मिळेल ती गाडी अन् तो म्हणेल तो रेट, मग आम्हाला बोलू नका.

आता जागा. सगळ्या सांगत नाही, चार पुरे.

पायगा मकबरे, संतोषनगरकडे. हेच ते रीलवाले. पायगा म्हणजे निजामाच्या दरबारातलं मोठं सरदार घराणं, निजामाच्या घरच्या मुली त्यांच्या घरात दिलेल्या. कबरींवर चुन्याचं नक्षीकाम अन् संगमरवराच्या जाळ्या आहेत, सकाळचं ऊन जाळीतून फरशीवर पडते तेव्हाच जायचं, दुपारी ती मजा नाही. एक जाळी नीट पाहा, मग बाजूची पाहा, डिझाइन वेगळं सापडते. पोरांना हेच शोधायला लावा, अर्धा तास शांत बसतात.

दुसरी जागा रेमंडची कबर. हा फ्रेंच माणूस, निजामाच्या फौजेचा सेनापती होता, १७९८ ला वारला. टेकडीवर उंच निमुळता दगडी खांब आहे, बाकी फार काही नाही, अन् तेच चांगलं आहे. लोक त्याला मुसा राम म्हणायचे, मुसारामबाग ही वस्ती त्याच्याच नावावरून ओळखली जाते अन् त्याच नावाचं मेट्रो स्टेशनही आहे, एमजीबीएसला गाडी बदलून रेड लाईनने एल.बी. नगरच्या बाजूला जायचं, स्टेशनवरून ऑटो करायचा. संध्याकाळी जा, पण अंधार पडायच्या आत उतरा.

तिसरं पुरानी हवेलीतलं निजाम म्युझियम. सहावा निजाम महबूब अली पाशा, त्याचं कपड्याचं कपाट तिथे आहे, कपाट कसलं, लांबच लांब लाकडी दालन आहे दोन मजली. बचत गटाच्या ताई-माई तिथून लवकर निघतच नाहीत, त्यामुळे वेळ जास्तीचा धरा. अन् हो, आपलं वऱ्हाडही एकेकाळी याच निजामाच्या घराण्याकडे होतं, १८५३ ला इंग्रजांनी कारभार घेतला. म्हणजे आपल्याच आज्या-पणज्यांचा शेतसारा कुठे गेला ते पाहून या असं मी ग्राहकांना म्हणतो, हसतात लोक.

चौथे कुतुबशाही मकबरे, गोवळकोंड्याच्या जवळच. ही तशी लपलेली जागा नाही, पण किल्ल्यावर झुंबड राहते तेव्हा इथे बाग मोकळी राहते, सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलं तर फारच छान. इथे मात्र ट्रॅव्हलर जाते, पार्किंग आहे, म्हणजे बघा, जिथे जाते तिथे आम्ही नेतोच. २०१३ च्या पावसात पडलेली इथली मोठी बावडी दुरुस्त केलेली आहे, ती पाहिल्याशिवाय निघू नका. १६७७ ला शिवाजी महाराज ज्याला हैद्राबादला भेटले तो शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह मात्र इथे नाही. १६८७ ला औरंगजेबाने किल्ला घेतला, त्याला दौलताबादला कैदेत ठेवलं, अन् कबर खुलताबादला आहे. दरवेळी कोणीतरी विचारते, म्हणून लिहून ठेवलं.

दर्गा-मकबऱ्याच्या जागी चपला बाहेर, आवाज कमी, जेवणाचे डबे आत उघडायचे नाहीत. सांबारवडीचा वास सुटला की वॉचमन येतेच.

राहिला शुक्रवार. गुरुवारी रात्री बसून शुक्रवारी सकाळी उतरायचा बेत बरेच जण करतात, पण शुक्रवारी सालारजंग म्युझियम, चौमहल्ला राजवाडा, निजाम म्युझियम, कुतुबशाही मकबरे, सगळं बंद राहते, अन् चारमिनारजवळ मक्का मशिदीला नमाजची गर्दी राहते. तारीख बदलत नसेल तर शुक्रवारी रामोजी किंवा गोवळकोंडा किल्ला करा अन् शांत जागा शनिवारी सकाळी. बुकिंगच्या फॉर्मवर खाली एक रिकामी ओळ ठेवली आहे, त्यात पाहायच्या जागा लिहून द्या, कोणती मेट्रोने, कोणती लहान गाडीने अन् कोणती आपल्या गाडीने हे आम्ही त्याच कागदावर लिहून, टोल, परमिट, पार्किंग वेगळं दाखवून, निघायच्या आधी तुमच्या हातात देतो. दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारच्या गाड्या लवकर भरतात, ॲडव्हान्स आधी आला त्याची गाडी आधी लागते.